टोळीचे हात

"काका, घाबरू नका, मारा बिनधास्त!" असं म्हणत अजिंक्यने कंट्रोलर उद्धवरावांच्या हातात कोंबला.

खंडेनवमी होती. आकुर्डीतल्या त्या गेम स्टुडिओत सकाळीच कॉम्प्युटरना हळदकुंकू लागलं होतं आणि प्रत्येक मॉनिटरवर झेंडूची माळ चढली होती. कारखान्यात मशीनची पूजा होते तशी इथेही, आणि कारखान्यासारखंच घरच्यांना बोलावणं. उद्धवराव आणि दुर्गाबाई लेकीची कंपनी बघायला चाकणहून दोन बस बदलून आले होते. जेवणाआधी पर्मनंट होणाऱ्यांना पत्रं मिळायची होती. यादीत करिष्माचं नाव होतं. पत्र मिळावं, आई-आप्पांनी जेवावं आणि गेम सुरू व्हायच्या आत बस पकडावी, एवढंच ती सकाळपासून मनात घोकत होती. पण अजिंक्य हौशी. गेममधली माणसं घडवणारा आर्ट हेड तो. त्याला पाहुण्यांसमोर मिरवायचं होतं.

भिंतीएवढ्या स्क्रीनवर परदेशातलं जुन्या काळचं जंगल होतं. दलदल, धुकं, लाकडी झोपड्या. घोड्यावरून उतरलेला नायक बंदूक रोखून उभा. झोपड्यांतून पाच माणसं बाहेर आली होती, अंगावर चिंध्या, हातात कुऱ्हाडी. अजिंक्यने गेम थांबवला आणि त्यांचे हात मोठे करून दाखवले.

"ही दलदलीतली टोळी. सगळे एकाच घरातले. वाटसरूंना पकडून खातात. आता यांचे पंजे बघा. कुणाची दोन बोटं नाहीत, कुणाची चार. टोळीत यायचं तर स्वतःची बोटं तोडून खायची, अशी शपथ असते यांच्यात. बघणाऱ्याला शिसारी आलीच पाहिजे!"

पाहुण्यांतून "ईऽऽ" असा आवाज आला. मग हसू. दुर्गाबाई हसल्या नाहीत.

मार्चमध्ये उद्धवराव आणि कारखान्यातल्या पत्रा कापणाऱ्या प्रेस शॉपमधले त्यांचे चार जोडीदार याच खोलीत बसून आपापल्या हातांचे फोटो देऊन गेले होते. गेममध्ये रेल्वेचे रूळ टाकणारे कामगार आहेत, त्यांच्यासाठी हवेत, असं करिष्माला सांगितलं होतं आणि तिने तेच आप्पांना सांगितलं होतं. आपला हात परदेशात रूळ टाकतोय, हे उद्धवराव तेव्हापासून सगळ्या गल्लीला ऐकवत होते.

"काका, गोळी मागच्या बटणाने सुटते. हे असं, या बोटाने..." अजिंक्यने उद्धवरावांचा उजवा हात धरला आणि तो थबकला. ते बोट नव्हतं. त्याच्या शेजारचंही नव्हतं. तीन महिने हाच हात स्क्रीनवर घडवत बसलेल्या माणसाला तो समोर आल्यावर ओळखू आला नव्हता.

उद्धवरावांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ते उठून स्क्रीनजवळ गेले.

"ह्यो समाधान," ते म्हणाले. "ह्यो एहसान. पीस वाढावं म्हणून शेठनं, हात मधी आला की मशीन थांबिवनारा सेन्सर काढून प्रेस चालवाया लावली. चारी बोटं गेली. ह्यो कडंचा धोंडीबा. रातपाळी करून आल्याला, त्याला परत सकाळच्या शिफ्टला उभा केला व्हता. ह्यो सोनबा." पुढच्या हातापाशी ते जरा थांबले. "आन् ह्यो मी."

त्यांनी अजिंक्यकडे पाहिलं.

"आमी खाल्ली व्हय रं बोटं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आपल्याकडे जुनीच रीत आहे. इथे तर ती फाशी लोकांनी पैसे मोजून, आपल्या हाताने द्यायची होती, आणि त्याला गेमची स्टोरी म्हणत होते.

"काका, मनावर घेऊ नका हो. गेम आहे शेवटी," अजिंक्य म्हणाला. त्याला घाम फुटला होता, आणि घाम फुटलेला माणूस नको तेच बोलतो. "करिष्माला विचारा ना. ही लेव्हल तिनेच टेस्ट केलीय. जूनपासून हजारदा मारलं असेल यांना तिने. प्रत्येक बाजूने, प्रत्येक बंदुकीने. म्हणून तर पर्मनंट करतोय तिला!"

उद्धवराव सावकाश वळले.

"व्हय गं?"

करिष्माला अजिंक्यची चीड आली. त्या हसण्याची आली. सगळ्यांत जास्त स्वतःची आली. जूनमध्येच तोंड उघडायला हवं होतं. पत्र एकदा हातात पडू दे, मग बोलू, म्हणत तिने चार महिने ढकलले होते.

"होय, आप्पा."

"चला घरी," दुर्गाबाई म्हणाल्या. "हितलं पानीसुदिक नगं मला."

उद्धवराव हलले नाहीत. पाहुण्यांचं लक्ष वळवायला अजिंक्यने घाईघाईने गेम पुन्हा सुरू केला. पाचही जण चिखल तुडवत पुढे येऊ लागले. उद्धवरावांनी कंट्रोलर लेकीच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी उभे राहिले.

"मला बोट न्हाई," ते म्हणाले. "तू मार. बघू दे मला."

टोळी जवळ आली. सगळ्यांत पुढे आप्पांचा हात होता, कुऱ्हाड उगारलेला.

करिष्माची दहाच्या दहा बोटं शाबूत होती. एकही हलेना.