झरा

न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातली लांबची पायवाट हौसेनं चालणाऱ्यांसाठी व्हर्ना आजी वाटेत पाण्याचे कॅन ठेवते. त्यातला शेवटचा कॅन माझ्यासारखीच ती वाट चालणाऱ्या ब्रँटनं माझ्यादेखत स्वतःच्या मोज्यांवर ओतला. “मोजे स्वच्छ असले की फोड येत नाहीत,” असं मला समजावूनही सांगितलं. मी पुढं गुरांच्या टाकीतलं पाणी शेवाळ बाजूला सारून प्यायले.

विश्रांतीच्या दिवशी तो गावातल्या खानावळीत भेटला. या वाटेवर प्रत्येकाला टोपणनाव असतं आणि ते दुसऱ्यानंच ठेवायचं असतं. त्याचं अजून कुणी ठेवलं नव्हतं.

“‘झरा’ कसं वाटतं?” मी म्हणाले. “तू असतोस तिथं पाणी वाहतं.”

भेटेल त्याला तो ते नाव सांगत सुटला.

सकाळी आम्हाला परत वाटेवर सोडायला आजी गाडी घेऊन आली. आम्ही सॅका गाडीत चढवल्या.

“तुमच्यातला झरा कोण रे?”

ब्रँटनं हसत हात वर केला. आजीनं त्याची सॅक उचलून रस्त्यावर ठेवली. “तू चालत ये, राजा. तुला पाण्याची काय काळजी.”

नाव मी खानावळीत ठेवलं होतं. शेवटचा कॅन ‘झरा’नं मोज्यांवर ओतला, हे आजीला मात्र त्याच्या आदल्या संध्याकाळीच कळवलं होतं.