मासळीबाजारातली मोकळी जागा

हरिश्चंद्रने चौथ्यांदा भिंतीचा रंग पुसून काढला. उन्हातला जांभ्या दगडाचा चिरा समोर जसा दिसत होता, तसा कागदावर येत नव्हता. मुंबईच्या छापखान्यात तीस वर्षं कॅलेंडरांवरचे देव रंगवून हात जड झाला होता. नोकरी संपल्यावर तो मालवणला आला आणि गेले पंधरा दिवस रोज सकाळी एकाच पायरीवर बसून समोरची गल्ली काढत होता. उतरती कौलं, लाकडी माड्या, भिंतीकडेला मासळी विकणाऱ्या बायकांची रांग.

मागे कोणीतरी येऊन थांबलं. तिशीतली बाई. कपाळ मोकळं, काखेत रिकामी पाटी. हिरा तिचं नाव. नवरा होडीसकट बुडाल्यानंतर दीड महिन्याने ती आज बाजाराकडे आली होती, आणि गल्लीच्या तोंडाशीच तिचे पाय अडले होते.

"ओ, हय जागा कशाक सोडलात?" तिने चित्रातल्या रांगेवर बोट ठेवलं. दोन बायकांच्या मधे नुसती भिंत होती.

"मी नाही सोडली, बाई. तिथं कोणी बसतच नाही."

"रोज?"

त्याने आधीचे कागद तिच्यापुढे धरले. एकही चित्र साधलं नव्हतं. पण प्रत्येकात ती जागा मोकळी होती. तेवढ्याच जागी भिंतीवरचं ऊन थेट जमिनीपर्यंत उतरायचं. ते ऊन पाहूनच तो पहिल्या दिवशी इथे टेकला होता.

हिरा एकेक कागद बघत राहिली. या बाजारात टीचभर जागेसाठी बायका झिंज्या उपटायच्या. शेजारी बसणाऱ्या चंद्रावतीशी तर तिचा आठ वर्षांचा वाद. पाटी चार बोटं सरकली, तरी दोघी मिळून गल्ली डोक्यावर घ्यायच्या.

"थंय मी बसतंय," ती हळूच म्हणाली आणि कागद परत देऊन चालू लागली.

ती भिंतीला पाठ टेकून बसली. पाटी पुढ्यात ठेवली. पाटीत काहीच नव्हतं. ऊन तिच्या अंगावर आलं. हरिश्चंद्रने हातातला कागद बाजूला ठेवून नवा घेतला.

चंद्रावतीने मान वर केली नाही. समोरचा बांगडा मासळीचा ढीग तिने दोन्ही हातांनी मधोमध फोडला आणि अर्धा हिराच्या पाटीत सारला.

"उशीर केलंस गो," ती म्हणाली. "गिरायका येवन गेली."