एवढी एकच रेस

"चला मामा, आई वाट बघतायत," मी सासऱ्यांना म्हणालो. रेसकोर्सवरून त्यांना आणायला सासूबाईंनीच मला पाठवलं होतं.

"एवढी एकच रेस, जावईबापू. तुम्हीही खेळून बघा."

कपाळावर चांदणी असलेली घोडी मी निवडली. शेवटच्या वळणावर मी कठड्यावर चढून ओरडत होतो. घोडी जेमतेम मानेएवढ्या अंतराने हरली. चिडून मी तिकीट फाडून भिरकावलं.

"अहो, फाडलंत कशाला? निकाल अजून पक्का व्हायचाय!"

तेवढ्यात भोंगा बोलला: आडवा आल्यामुळे पहिला घोडा बाद, माझी घोडी विजयी.

मी गुडघे टेकून कपटे धुंडाळू लागलो. सासऱ्यांनी घाबरून माझा दंड धरला. "उठा. घरी चला."

पुढच्या रेसचे घोडे बाहेर येत होते.

"तुम्ही व्हा पुढे, मामा. आईंना सांगा, स्कूटर पंक्चर झालीय."