एक 'ट' जास्त

"हे बघ, आलं तुझं बेट्ट!" दामोदरकाकांनी काठी वर केली आणि तुंगानं वर पाहिलं.

वर पाहावं लागलं तिथंच काहीतरी चुकत होतं. बेट कधी वर असतं का? समोर नुसता काळा खडक, अंगावर येणाऱ्या पायऱ्या आणि पार टोकाला देवळाचं एवढंसं शिखर. पाणी म्हणाल तर बैलांपुढच्या बादलीत.

"आणि समुद्र?"

"कुठला समुद्र?"

"तुम्हीच पत्रात लिहिलंत की! 'सुट्टीत सगळे या, बेटावर जाऊ.' मीच वाचून दाखवलं घरात, मोठ्यानं!"

काका असे हसले की बैलांनीसुद्धा कान हलवले. "अय्यो तुंगाबाई! बेट्ट गं, बेट्ट! डोंगर! या गावाचं नावच बेट्टदपुर. तुला मोडी वाचता येत नाही म्हणून मुद्दाम बाळबोधीत लिहिलो. हाताला सवय कुठं आहे? राहिला असेल एक ट."

एक ट! त्या एका ट पायी तिचा अख्खा समुद्र आटला होता.

बेळगावच्या मावशीनं पाठवलेल्या भूगोलात स्वच्छ छापलं होतं, चारी बाजूंनी पाणी आणि मधे जमीन म्हणजे बेट. नकाशावर बोट ठेवून तिनं खात्रीसुद्धा केली होती. काकांच्या गावापुढं कोडगू, मग घाट उतरला की मंगळूर, तिथून होडी. सगळं कसं छान जुळत होतं! म्हैसूरच्या घरात सगळे अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायचे. शुद्ध काय ते फक्त तुंगाला कळायचं, आणि ती ते दिवसातून दहा वेळा सांगायची. शाळेत तर कमलाक्षीबाईंसमोर उभं राहून तिनं जाहीरच केलं होतं, मी द्वीपावर चालले. वनजाला मोठा शंख, बाकी अकराजणींना एकेक शिंपला. त्यासाठी बिस्किटांचा रिकामा डबा दोन दिवस बैलगाडीत मांडीवर धरून आणला होता. आता काय त्यात खडे भरून न्यायचे?

"आप्पा, तुम्हाला तरी कळायला नको?" ती वडिलांवर घसरली.

भुजंगराव महाराजांच्या रिसाल्यातले. माणसांपेक्षा घोड्यांशी बोलायची सवय जास्त. म्हणाले, "मला काय! तू बेटावर म्हणालीस, मी बेट्टावर ऐकलो. बरोबरच ऐकलो की. चल, ऊन चढेल."

ते दोघे भाऊ झपझप पुढं गेले. तुंगा चढली, पण पाय आपटत. प्रत्येक पायरीवर एकेक मैत्रीण उभी राहून हात पुढं करत होती. माझा शिंपला? माझा? काखेतल्या डब्याचं झाकण खडखडत होतं, तेही जणू हसत होतं. दोनशे पायऱ्यांवर ती थांबली. दमली नव्हती. चिडायला दम लागतो, तेवढा घ्यायला थांबली.

मागून आई येत होती. शकुंतलाबाईंच्या कडेवर एक गाठोडं होतं.

"हे कशाला वर आणलीस? गाडीत ठेवायचं ना!" तुंगा आईवरही खेकसली.

"असू दे गं."

"दे इकडं." तिनं हिसकलं आणि गाठ सुटली. आतून एक जुनं, विटकं लुगडं पायरीवर पसरलं. त्याच्यामागून तांब्याचा गडू घरंगळला. गडूला सुतळीनं फडकं बांधलेलं होतं.

"हे काय?"

आईनं गडू उचलला, पदरानं पुसला. "भिजायला लुगडं. खाऱ्या पाण्यानं चांगलं खराब होतं म्हणाली होतीस तू. आणि हा... शेजारच्या अंबुबाईला जरा पाणी न्यावं म्हटलं. ती पण बघितली नाही समुद्र."

"पण तू इकडच्या मुलखातलीच ना, आई? बेट्ट म्हणजे डोंगर, तुला ठाऊक असणार! आप्पांना का नाही विचारलीस?"

"त्यांना काय विचारायचं?" आई लुगड्याची घडी घालत म्हणाली. "तू वाचलीस की. पुस्तक उघडून दाखवलीस."

तुंगाला कुणावर तरी ओरडायचं होतं. काकांवर ओरडून झालं होतं, आप्पांवर झालं होतं, आता तर आईवरही झालं होतं. उरलं कोण? तिनं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं आणि बाकीच्या पायऱ्या पाय न आपटता चढली.

वर वारा भणाणत होता. पुरुष पुजाऱ्याला शोधायला गेले. देवळामागं खडकात एक खोलगट जागा होती, तिच्यात पाणी साचलं होतं. वाऱ्यानं त्याच्यावर बारीक बारीक लाटा उठत होत्या, आणि इकडच्या काठाला येऊन विरत होत्या.

आईनं आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. ती काठावर बसली, दोन्ही पाय पाण्यात सोडले आणि नेसूचा काठ भिजला तरी उचलला नाही. लाट पायाला लागली तशी लहान मुलीसारखी अंग चोरून हसली.

मग तिनं एक बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

तुंगा डबा छातीशी धरून उभी होती. आई बराच वेळ पलीकडच्या मोकळ्या आभाळाकडं बघत राहिली.

"गोडं आहे गं," ती म्हणाली.