केंद्र आले दारी

ठुमलीला कळा सुरू झाल्या तेव्हा मतदान केंद्र अंगणावर घरघरत होतं. शाळांमधली केंद्रं बंद करून ती उडती केल्यानंतरची ही पहिलीच निवडणूक.

"पोरीला दवाखान्यात सोडा!" सासू जेमाबाई वर बघून ओरडली.

"आचारसंहिता आहे, आजी. मतदाराला वाहनातून नेता येत नाही," आतल्या गारव्यात बसलेले केंद्राध्यक्ष नेवगी म्हणाले. "तुमच्या एकेका मतासाठी सरकारनं किती खर्च केलाय, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. आमच्या नदीवरचा पूल त्यातच गेला."

चौघांनी ठुमलीला झोळीत घातलं आणि झोळी खांद्यावर घेऊन ते नदीच्या कंबरभर पाण्यात उतरले. मतदार जाईल तिथं केंद्रानं जायचं, असा नवा नियम होता. त्यामुळे केंद्रही त्यांच्या डोक्यावरून निघालं.

"ताई, एकच बटण दाबायचंय!" नेवगी भोंग्यातून आर्जवं करत होते. झोळीत ठुमली विव्हळत होती.

ऐन धारेत जेमाबाईनं मान वर केली.

"साहेब, आमचा पूल खाऊन उडतच आहात, तर जरा डावीकडं सरका. पोरीच्या तोंडावर ऊन येतंय."