नोरीनचे निरोप

"आजीला सांग, वाम मोठी होती, पण गळावरून निसटली," क्लॅरी चुलीकडे बघत म्हणाला.

आजी हाताच्या अंतरावर बसली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. तरी नोरीनने तेच वाक्य, त्याच भाषेत, आजीकडे तोंड करून म्हटलं. जावयाने सासूशी थेट बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचंही नाही, ही नदीकाठची रीत होती. दोघं एकमेकांकडे पाठ करून बसत आणि मधे नोरीन.

"त्याला म्हणावं, निसटलेली वाम नेहमी मोठीच असते."

नोरीनने तेही पोचवलं. क्लॅरीचे खांदे हसले.

इथल्या मूळ लोकांची मुलं इंग्रजी वळणाची करायला गोरं सरकार उचलून न्यायचं; नोरीनला चार वर्षांची असताना नेलं होतं. दूरच्या वसाहतीत, मुलींच्या वसतिगृहात ती वाढली. तिथे इंग्रजीखेरीज एक शब्द जरी तोंडातून निघाला तरी तोंडात साबण कोंबत. परत येऊ दिलं तोवर ती चांगली मोठी बाई झाली होती आणि आई वाट बघून बघून गेली होती. गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, म्हणून आईचं नावही तिला कुणी सांगितलं नाही. उसाच्या मळ्याच्या टोकाला एका पत्र्याच्या खोपटात बाप क्लॅरी आणि आईची आई, एवढेच उरले होते.

आल्या आल्या ती आपल्या लोकांच्या भाषेत काही बोलू शकली नाही. क्लॅरी इंग्रजीत एवढंच म्हणाला, "मी म्हणतो तसं म्हण, आणि आजी म्हणेल ते मला सांग." त्या दिवसापासून ती निरोप नेऊ लागली. आधी नुसते आवाज, मग त्यांतून शब्द सुटे होऊ लागले. पाणी, विस्तव, भाकर, दुखरा पाय, आलेला पाहुणा. दिवसभर ती गावातल्या हॉटेलात चादरी धुवायची आणि मनात ते शब्द घोळवायची. संध्याकाळी चुलीपाशी बसली की वाटायचं, आपलं नेलेलं काहीतरी थोडं थोडं परत येतंय. एकदा तिने निरोप नसताना, आपल्या मनचं, एक अख्खं वाक्य आजीला म्हणून दाखवलं. आजीने फडक्याने डोळे पुसले.

एक गोष्ट मात्र तिला कळायची नाही. आजी कानाच्या टप्प्यात नसली की क्लॅरी नोरीनशी इंग्रजीतच बोलायचा, तेही तुटक. रविवारी कडू शेंगांच्या बिया टोपलीत घालून वाहत्या पाण्यात भिजवायला आजी तिला घेऊन जायची. तिथे दोघीच असत. पण आजी सगळं हनुवटीने दाखवायची. नोरीनला वाटायचं, थकलेली माणसं आहेत.

थंडीत आजीची छाती भरली आणि चार दिवसांत ती गेली.

पुरल्यानंतर खोपटात ओल्या पाल्याचा धूर केला. नदीच्या वरच्या अंगाहून माणसं आली होती. क्लॅरीची थोरली बहीण कोराही आली. नोरीनने आत्याला प्रथमच पाहिलं. तिने चहाचा पेला आत्यापुढे धरला आणि आपल्या भाषेत म्हणाली, "घे, जपून, गरम आहे."

कोरा तिच्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली.

"अरे क्लॅरी, मला सासूबाई करून टाकलं की तुझ्या पोरीने."

आजूबाजूची म्हातारी माणसंही हसली. कोराचं हसणं मधेच तुटलं. ती म्हणाली, "आपला बाप आईच्या आईसमोर असाच बोलायचा. मी अगदी लहान होते," आणि पेला खाली ठेवून रडू लागली.

नोरीनला काही समजेना. क्लॅरी तिला नदीवर घेऊन गेला.

"सासू ऐकत असली की जावयाने सगळे शब्द बदलायचे," तो इंग्रजीत म्हणाला. "पाण्याला वेगळा, विस्तवाला वेगळा. सासूनेही तसंच बोलायचं. ती मानाची भाषा. तू तीच शिकलीस. आता ती बोलायची नाही. जिच्यासाठी होती, ती गेली."

"दुसऱ्या कुणाशीच नाही?"

"दुसऱ्या कुणाला येते?"

नोरीन खाली बसली. कित्येक संध्याकाळी वेचून वेचून जमवलेले शब्द तिच्या तोंडात होते आणि त्यांतला एकही ती या माणसाला म्हणू शकत नव्हती. पलीकडून उसाची मालगाडी खडखडत गेली. ती गेल्यावर नोरीनने विचारलं,

"मग घरात बोलायची कुठली?"

"ती वेगळी."

"कोरा आत्याला येते?"

"ऐकून ओळखते. तिलाही पोरवयातच नेलं होतं."

"तुला तर येते ना, बाबा. मला ती शिकव. आज एक शब्द सांग."

क्लॅरीने तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. तो काठावर उकिडवा बसला. नोरीनकडे न बघता, सासूशी बोलताना बसायचा तसा, पाठ करून.

"ती तुला यायची," तो म्हणाला. "मी तुझ्याशी तीच बोलायचो. इथेच, या पाण्यात खेळताना. एकदा मळ्याचा मालक बांधावर येऊन उभा राहिला. मी तुला हाक मारली, आणि तू चुरूचुरू उत्तर दिलंस. कितीतरी बोललीस. तो ऐकत होता."

नोरीन बांधाकडे वळून बघू लागली.

"दुसऱ्या दिवशी सरकारची गाडी आली."