ढब्बूला ठाऊक असलेलं वळण

फाट्याशी येताच ढब्बू असा काही भुंकायला लागला, की तिला ब्रेक मारावाच लागला. सरळ रस्ता खिंडीकडे जात होता. डावीकडे एक कच्ची वाट उंच झाडांत शिरत होती. कुत्रा सीटवर उभा राहून त्या बाजूच्या काचेवर पंजे मारत होता.

"बरं बाबा, तुझंच खरं," ती म्हणाली आणि तिनं गाडी डावीकडे घातली.

गाडी नवऱ्याची. जुनी व्हॅन विकत घेऊन त्यांनी तिच्यात स्वतःच्या हातानं पलंग बसवला होता, लहानसा ओटा केला होता, खिडक्यांना पडदे लावले होते. दर उन्हाळ्यात ते ढब्बूला घेऊन डोंगरात जायचे. एकटेच. "तुला घाट सोसत नाही, उगाच हाल कशाला?" म्हणायचे. तिलाही ते पटायचं. माणसाला थोडा एकांत लागतो. परत आले की त्यांचा चेहरा असा उजळलेला असायचा, की तिला कौतुकच वाटायचं.

हिवाळ्यात ते गेले. मुलगी म्हणाली, "आई, ते धूड आधी विकून टाक." तिनं विकलं नाही. साठी उलटल्यावर ती गाडी चालवायला शिकली. शेजारणींनी तोंडात बोटं घातली. यांनी जे पाहिलं ते आपणही एकदा डोळे भरून पाहावं, एवढंच तिच्या मनात होतं. घाटात ओकून ओकून बेजार झाली, पण तोंड धुऊन पुन्हा स्टिअरिंगवर बसली.

वाट एका बैठ्या घरापाशी संपली. दार उघडताच ढब्बूनं उडी टाकली. फाटकाची कडी नाकानं वर केली, धावत व्हरांडा गाठला आणि कोपऱ्यातल्या भांड्यात तोंड घातलं. भांड्यात ताजं पाणी होतं.

"आला का रे माझा लबाड!"

आतली शिवणयंत्राची घरघर थांबली. गळ्यात मोजपट्टी अडकवलेली एक शिंपीण लंगडत बाहेर आली. तिच्याच वयाची असेल. तिनं आधी गाडीकडे पाहिलं, मग गाडीतून उतरणाऱ्या बाईकडे, आणि तिचा चेहरा फुलला.

"अगंबाई! वन्सं ना तुम्ही? घाट सोसत नाही ना तुम्हाला? तरी आलात! किती वर्षं म्हणतेय यांना, एकदा बहिणीला घेऊन या. या, आत या. आणि हे कुठायत? मागं झोपलेत वाटतं?"

वन्सं. तिच्या नवऱ्याला बहीणच नव्हती.

उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. खुंटीवर राखाडी स्वेटर होता. प्रवासात हरवला म्हणून तिनं त्यांना दुसरा विणून दिला होता. भिंतीवर फोटो होता. ते, ही शिंपीण आणि दोघांच्या मध्ये ढब्बू. फोटोत ढब्बू एवढंसं पिल्लू होता. आता त्याच्या तोंडावरचे केसही पांढरे झाले होते.

ते गेले, हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. शिंपीण गाडीच्या मागच्या दाराकडे बघत होती. बघता बघता तिनं हलकेच केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला. ते मात्र तिला बघवेना.

"तो आलेला नाही," ती म्हणाली. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचा एकेरी उल्लेख केला नव्हता. आता जीभ जराही अडखळली नाही. "आणि यायचाही नाही. त्यानं दुसरी बघितलीय. तिच्याकडेच राहतो. एवढं सांगायला मला पाठवलंय."

शिंपीण पायरीवर बसली.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"तरीच फोन नाही. मी आपली म्हणत होते, डोंगरात लाइन लागत नसेल." मग तिनं विचारलं, "तरुण आहे?"

"हो. देखणीही आहे."

ढब्बू शिंपिणीच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. हाक मारली, उठेना. तिनं पट्ट्याला धरून त्याला फरफटत नेलं, गाडीत कोंबलं आणि दार लावलं. कुत्रा आतून केविलवाणा ओरडत होता. तिला मात्र कित्येक महिन्यांनी हलकं वाटत होतं. फिटंफाट झाली होती.

तिनं गाडी सुरू केली, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. शिंपीण धापा टाकत उभी होती. हातात तो स्वेटर होता, आणि औषधाची एक लहानशी बाटली.

"वन्सं, एवढं त्यांना द्या. आणि तिला एक निरोप सांगा." तिनं बाटली पुढं केली. "यांचं हृदय बरं नाही. इथल्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. गोळ्या घरी न्या म्हटलं तर नेत नाहीत, बहीण घाबरेल म्हणतात. आता तुम्ही रागावू नका त्यांना. छातीवर हात ठेवून बसले, की यातली एक लगेच जिभेखाली ठेवायची. तेवढ्यानं सावरतात. माझ्यासमोर कितीदा सावरलेत. पित्त झालंय म्हणतील. तिला म्हणावं, त्यांचं ऐकू नकोस."

तिनं बाटली हातात घेतली.

हिवाळ्यातल्या त्या सकाळी ते छातीवर हात ठेवूनच बसले होते. "काही नाही गं, पित्त झालंय," म्हणाले होते. आणि तिनं त्यांचं ऐकलं होतं.